हायवे कुठला? उपनगरांतल्या दोन रस्त्यांची नावं आणि नंबर

कुणाची लेक लग्न होऊन बोरिवलीला गेली, कुणाचा भाऊ घाटकोपरला टेम्पो चालवतो, कुणाचा दीर भाजीचा माल घेऊन रात्रीचा मुंबईला निघतो. त्यांना भेटायला आपण जातो तेव्हा फोनवर हमखास एक वाक्य ऐकू येतं : "हायवेला उतरा, मी घ्यायला येते." ऐकायला सोपं आहे. पण मुंबईच्या उपनगरांत हायवे आहेत दोन. एक अंधेरी-बोरिवलीतून जातो, दुसरा घाटकोपर-मुलुंडमधून. तिथली माणसं दोन्हींना नुसतं ‘हायवे’च म्हणतात. चुकीच्या हायवेला उतरलेली बाई पिशव्या सांभाळत तास-दोन तास फिरत राहते. म्हणून आज आम्ही या दोन रस्त्यांचा इतिहास सांगणार आहोत. त्यांची नावं आणि नंबर कसे बदलत गेले हे कळलं, की आपल्या गावाजवळून जाणाऱ्या रस्त्याकडेही आपण वेगळ्या नजरेनं पाहू.

आधी जुनी गोष्ट. मुंबई हे बेट होतं आणि आजची उपनगरं साष्टी नावाच्या दुसऱ्या मोठ्या बेटावर होती. मधे खाडी. बेटावरून साष्टीला जायचं तर होडीशिवाय इलाज नव्हता. १८०५ च्या सुमारास गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये भराव घालून रस्ता झाला. पुढे माहीम आणि बांद्रा यांना जोडणारा रस्ता १८४५ साली खुला झाला. तो एका बाईच्या पैशातून झाला, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले. आधीचा अंदाज लाखभराचा होता. खर्च वाढला तसे वरचे पैसेही त्यांनीच दिले. त्यांची अट एकच होती, की या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडून सरकारनं टोल घ्यायचा नाही.

या दोन वाटांमधून दोन मोठे रस्ते उत्तरेकडे वाढले. माहीम-बांद्र्याकडून निघालेला रस्ता घोडबंदरच्या खाडीकडे जाई, म्हणून तो घोडबंदर रोड. शीव-कुर्ल्याकडून निघालेला रस्ता ठाणे, कसारा घाट, नाशिक, धुळे करत थेट आग्र्याला जाई, म्हणून तो आग्रा रोड. जिथे जायचं त्या गावाचंच नाव रस्त्याला, अशी ही साधी पद्धत होती. आपणही ‘बाजाराची वाट’, ‘नदीची वाट’ असंच म्हणतो की.

स्वातंत्र्यानंतर उपनगरं झपाट्यानं वाढली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महापालिकेची हद्द पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत गेली. दुकानं आणि वस्ती यांच्या गर्दीत जुने रस्ते अपुरे पडू लागले. मग रेल्वेच्या रुळांपलीकडे नवे रुंद रस्ते झाले. अंधेरी-बोरिवलीकडचा तो पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि घाटकोपर-मुलुंडकडचा तो पूर्व द्रुतगती महामार्ग. जुन्या रस्त्यांची नावंही बदलली. जुना घोडबंदर रोड झाला स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे एस. व्ही. रोड. जुना आग्रा रोड झाला लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे एल. बी. एस. मार्ग.

इथे गोंधळाची पहिली गाठ आहे. अंधेरी किंवा बोरिवलीच्या एखाद्या जुन्या कागदावर ‘घोडबंदर रोड’ असं लिहिलेलं असतं. तो पत्ता आजच्या एस. व्ही. रोडवरचा असतो. आज मात्र ‘घोडबंदर रोड’ म्हटलं की रिक्षावाला ठाण्याच्या माजिवड्याकडून घोडबंदरकडे जाणारा रस्ता समजतो. घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या कागदावरचा ‘आग्रा रोड’ म्हणजे आजचा एल. बी. एस. मार्ग. घरातल्या जुन्या भाडेपावतीवर, मृत्यूच्या दाखल्यावर, कामगाराच्या हजेरीपत्रकावर अशी नावं सापडली, तर ती कुठल्या काळातली आहेत हे आधी पाहावं लागतं.

दुसरी गाठ दिशांची आहे. पश्चिम द्रुतगती महामार्ग अंधेरीत गेल्यावर अंधेरी पूर्वेला सापडतो! कारण असं, की ‘पश्चिम’ हे नाव सगळ्या मुंबईच्या हिशोबानं दिलंय आणि ‘अंधेरी पूर्व’ हे नाव स्टेशनच्या हिशोबानं. एक खूण लक्षात ठेवली तर काम भागतं. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो की मुलुंड असो, चारही ठिकाणी द्रुतगती महामार्ग स्टेशनच्या पूर्वेला आहे. जुना रस्ता, म्हणजे एस. व्ही. रोड किंवा एल. बी. एस. मार्ग, स्टेशनच्या पश्चिमेला आहे. स्टेशनवर उतरून हायवेला जायचं असेल तर पूर्वेच्या बाजूनं बाहेर पडायचं.

आता दोन्ही रस्त्यांवरचे मुख्य टप्पे क्रमानं सांगतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावर बांद्र्याहून निघालं की कलानगर, खेरवाडी, वाकोला, विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगावची आरे, मालाडचं दिंडोशी, कांदिवलीचं आकुर्ली, मागाठाणे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि शेवटी दहिसर नाका. तिथून पुढे काशीमिरा, घोडबंदर, वसईची खाडी, मग मनोर, चारोटी, तलासरी आणि गुजरात. पूर्व द्रुतगती महामार्गावर शीवहून निघालं की चेंबूरचं अमर महल, घाटकोपरचं छेडानगर आणि पंतनगर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडूप, मुलुंड, मग ठाण्याचा तीन हात नाका आणि माजिवडा. तिथून पुढे रस्ता भिवंडीच्या बाजूनं शहापूर, कसारा घाट आणि नाशिककडे जातो. अंधेरीहून घाटकोपरला मेट्रो आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता दोन्ही हायवेंना जोडतो.

या रस्त्यांवर ‘इथे बाहेर पडा’ अशा नंबरांपेक्षा नाक्यांची आणि उड्डाणपुलांची नावंच चालतात. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ साली स्थापन झालं. त्यानं मुंबईत उड्डाणपुलांचं मोठं काम हाती घेतलं. त्या खर्चाच्या वसुलीसाठी मुंबईच्या वेशीवर पाच टोलनाके आले. दहिसरला एक, मुलुंडला दोन, ऐरोलीला एक आणि वाशीला एक. ऑक्टोबर २०२४ पासून या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. उड्डाणपुलाची एक गोष्ट ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावी लागते. गाडी पुलावर चढली की खालचा नाका हुकतो आणि पुढे लांब जाऊन वळून यावं लागतं. म्हणून "दिंडोशीला पुलाखालून घ्या" असं वेळेवर सांगायचं.

मघाशी घेतलेली काही नावं पुन्हा म्हणून पाहा : दिंडोशी, आकुर्ली, मागाठाणे. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जी मेट्रो जाते, तिच्या स्टेशनांची नावं देवीपाडा, ओवरीपाडा, पोईसर, कुरार, मोगरा, गुंदवली अशी आहेत. ही सगळी पाड्यांची आणि गावांची नावं आहेत. इथे शेती होती, गुरं होती, आपल्यासारख्याच बाया पाणी भरत होत्या. आज तिथे उंच इमारती आहेत, पण जमिनीच्या कागदावर अजूनही ‘मौजे मागाठाणे, तालुका बोरिवली’ असंच लिहिलं जातं. रस्ता आला, शहर आलं, तरी गावाचं नाव टिकलं, कारण ते नोंदीत होतं.

आता नंबरांकडे येऊ. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याला रस्त्यांची यादी जोडलेली होती. तिच्यात आग्रा-मुंबई रस्त्याला ३ नंबर होता आणि दिल्ली-मुंबई रस्त्याला ८. म्हणजे घाटकोपरच्या बाजूचा तीन नंबर आणि बोरिवलीच्या बाजूचा आठ नंबर. जुन्या ट्रक ड्रायव्हरांच्या तोंडी आजही हेच नंबर आहेत. पण २०१० साली सरकारनं देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर दिले. त्यात एक पद्धत ठेवली. दक्षिण-उत्तर जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे. तीन आकडी नंबर म्हणजे फाटा. त्याचे शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता १६६, म्हणजे तो ६६ चा फाटा.

यात आपले रस्ते कसे बदलले पाहा. पनवेल-गोवा रस्ता १७ चा झाला ६६. पुणे-सोलापूर ९ चा झाला ६५. पुणे-नाशिक ५० चा झाला ६०. धुळे-नागपूर ६ चा झाला ५३. सोलापूर-धुळे २११ चा झाला ५२. जुना ३ तर अखंड राहिलाच नाही, त्याचे तुकडे वेगवेगळ्या नंबरांत गेले. नाशिक-धुळे हा तुकडा आता ६० मध्ये आहे. आणि ४८ ची गंमत ऐका. दिल्लीहून मुंबईकडे येणारा जुना ८ त्यात आला आणि पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बंगळूरकडे जाणारा जुना ४ सुद्धा त्यातच आला. म्हणजे पालघरच्या मनोरची बाई ४८ वर राहते आणि साताऱ्याच्या कराडची बाईसुद्धा ४८ वरच राहते.

मैत्रिणींनो, इथे ही माहिती जिवाशी येते. अपघात झाला आणि कुणी घाबरून फोनवर सांगितलं, "हायवेवर या, ४८ नंबरवर", तर ॲम्ब्युलन्स कुठे पाठवायची? नंबराबरोबर जवळचं गाव किंवा फाटा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या बाजूची वाहतूक हे तिन्ही सांगावं लागतं. "मनोरच्या पुढे, मुंबईकडे जाणारी बाजू, दगडावर अमुक आकडा." उपनगरात असाल तर "पश्चिम द्रुतगती, दिंडोशी पुलाखाली, बोरिवलीकडे जाणारी बाजू." ॲम्ब्युलन्ससाठी १०८, कुठल्याही संकटात ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे नंबर पाठ हवेत. दगडाच्या डोक्याचा रंगही सांगतो की रस्ता कुणाचा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता, केशरी असेल तर गावरस्ता.

दुसरी गोष्ट जमिनीची. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असली की राजपत्रात अधिसूचना निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राजपत्रात ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. त्या बारीक अक्षरांच्या मजकुरात रस्त्याचा नवा नंबर असतो. आपल्या घरात मात्र सगळे जुन्याच नंबरानं बोलतात. "हा ६५ कुठला? आपला तर ९ आहे," असं म्हणून कागद बाजूला ठेवला, की २१ दिवस निघून जातात. सातबाऱ्यावर बाईचं नाव असेल तर तो कागद तिनं स्वतः वाचला पाहिजे, वाचता येत नसेल तर गटातल्या पोरीकडून वाचून घेतला पाहिजे.

म्हणून आमची एक सूचना आहे. बचतगटाच्या रजिस्टरमध्ये एक पान रस्त्याचं करा. आपल्या जवळच्या रस्त्याचं जुनं नाव, जुना नंबर, नवा नंबर, फाट्याचं नाव, फाट्याजवळच्या दगडावरचा आकडा आणि त्याच्या डोक्याचा रंग लिहा. जुनं नाव गावातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, नवा नंबर रस्त्यावरच्या पाटीवर जाऊन पाहा. ऐकीव माहिती लिहू नका. ज्या बाया मुंबईला जातात त्यांनी लेकीचा पत्ताही नीट लिहून घ्यावा : कुठला द्रुतगती महामार्ग, कुठला नाका, पुलावरून की पुलाखालून. पानावर तारीख घाला, कारण हे नंबर पुन्हा बदलू शकतात. पुढच्या बैठकीत ते पान मोठ्यानं वाचा आणि ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्याकडून पाठ करून घ्या.