खजुराचा कंटेनर मागवताना: एफओबी, सीआयएफ आणि जहाजभाड्याचा खरा हिशेब

रमजानच्या कितीतरी आधीपासून मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात खजुराच्या भावाची चौकशी सुरू होते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या अनेक मुस्लिम घरांत कुणी ना कुणी दुबई, शारजा, मस्कत किंवा कुवेतला नोकरीला असतं. त्याचा फोन येतो, "इथे भाव फार कमी आहे, आपणच एक कंटेनर उचलू या." दोन भाऊ, एक मेहुणा, थोडी साठवलेली रक्कम, आणि धंदा उभा राहतो.

मग समोरच्या व्यापाऱ्याचं कोटेशन येतं. त्यात टनाचा भाव असतो आणि पुढे तीन अक्षरं असतात: एफओबी जबल अली, किंवा सीआयएफ न्हावा शेवा. बहुतेक नवे लोक भाव वाचतात आणि अक्षरं सोडून देतात. पण नफा-तोटा त्या अक्षरांतच असतो. कोटेशनवरचा भाव हा मालाचा पूर्ण भाव नसतो. माल आपल्या गोदामात पडेपर्यंत जो खर्च होतो, तोच खरा भाव. तो कसा काढायचा, ते या लेखात पाहू.

ही अक्षरं कोण ठरवतं?

या अटींना इन्कोटर्म्स म्हणतात. पॅरिसमधल्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने त्या पहिल्यांदा 1936 मध्ये काढल्या. सध्याची आवृत्ती इन्कोटर्म्स 2020 असून ती 1 जानेवारी 2020 पासून लागू आहे. एकूण 11 अटी आहेत. करारात नुसतं "एफओबी" लिहून भागत नाही. ठिकाणाचं नाव आणि "इन्कोटर्म्स 2020" हेही लिहावं लागतं.

या अटी तीन गोष्टी सांगतात: कोणता खर्च कुणाचा, कागदपत्रांचं काम कुणाचं, आणि माल खराब झाला किंवा बुडाला तर नुकसान कुणाचं. पैसे कधी द्यायचे, मालकी कधी बदलते, माल निकृष्ट निघाला तर काय, हे त्या सांगत नाहीत. ते वेगळ्या करारात लिहून घ्यावं लागतं. विकणारा नात्यातला असला तरी लिहून घ्या. नात्यातला असेल तर जरूर लिहून घ्या.

नेहमी भेटणाऱ्या अटी

• ईएक्सडब्ल्यू: विकणारा माल स्वतःच्या गोदामात तयार ठेवतो, बस. तिथून उचलणं, तिथल्या कस्टम्समधून बाहेर काढणं, जहाज, विमा, सगळं तुमच्या डोक्यावर. भाव सर्वात कमी दिसतो, काम सर्वात जास्त असतं.

• एफओबी: विकणारा त्याच्या देशातलं निर्यातीचं काम करून माल जहाजावर चढवून देतो. तिथून पुढचं भाडं, विमा आणि जोखीम तुमची.

• सीएफआर: न्हावा शेवापर्यंतचं जहाजभाडं विकणारा भरतो. विमा मात्र तुमचा.

• सीआयएफ: भाडं आणि विमा दोन्ही विकणारा भरतो.

• डीडीपी: ड्युटी भरून माल तुमच्या दारात. ऐकायला सर्वात सोपं, पण इथे सावध राहा. भारतात आयात करायला डीजीएफटीचा आयईसी क्रमांक लागतो. परदेशातल्या छोट्या व्यापाऱ्याकडे तो नसतो. मग माल भलत्याच कुणाच्या आयईसीवर येतो, कागदावर मालक दुसराच असतो आणि पैसे तुमचे अडकतात.

एक बारीक मुद्दा. एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ या अटी मुळात जहाजावर थेट चढवायच्या मालासाठी आहेत. कंटेनर मात्र आधी टर्मिनलवर जमा होतो, जहाजावर नंतर चढतो. म्हणून कंटेनरच्या मालासाठी चेंबर एफसीए, सीपीटी आणि सीआयपी या अटी सुचवते. बाजारात मात्र सवयीने एफओबी आणि सीआयएफच चालतं. तुमचं कोटेशनही बहुधा तसंच असेल. निदान हा फरक ठाऊक असू द्या.

सीआयएफमधला मोठा गैरसमज

"सीआयएफ न्हावा शेवा म्हणजे न्हावा शेवाला येईपर्यंत जबाबदारी त्याची." असं समजणारे खूप आहेत. ते चूक आहे. सीआयएफमध्ये भाडं विकणारा भरतो, पण जोखीम मात्र माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की तुमच्याकडे येते. वाटेत खजूर भिजला तर विकणारा पैसे परत द्यायला बांधील नसतो. तुम्ही विमा कंपनीकडे जायचं.

आणि तो विमा कसला? सीआयएफमध्ये विकणाऱ्याने किमान कव्हर दिलं तरी चालतं. त्याला क्लॉज सी म्हणतात. मालाच्या किमतीच्या 110 टक्क्यांचा विमा असतो, पण तो आग, जहाज बुडणं, टक्कर अशा मोठ्या घटनांपुरता. चोरी झाली किंवा कंटेनरच्या छताला भोक पडून पाणी गळलं, तर बहुधा काही मिळत नाही. खजुरासाठी क्लॉज ए, म्हणजे सर्वात व्यापक कव्हर मागा आणि करारात तसं लिहा. प्रीमियममध्ये थोडाच फरक पडतो. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शरियतच्या दृष्टीने शंका असेल, त्यांनी आलिमांना विचारावं. आखाती देशांत तकाफुल कंपन्या सागरी कव्हर देतात.

"समुद्रात असं होतं तरी कधी?" असं म्हणू नका. मे 2025 मध्ये एमएससी एल्सा 3 हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालं, त्यावर सहाशेहून अधिक कंटेनर होते. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात, ज्यांचा माल सुखरूप होता त्यांनाही वाटा द्यावा लागतो. विमा असेल तर कंपनी हमी देते. नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय माल सुटत नाही.

जहाजभाडं कसं ठरतं?

पूर्ण कंटेनर घेतला तर भाडं कंटेनरमागे लागतं, त्याला एफसीएल म्हणतात. 20 फुटी कंटेनरमध्ये सुमारे 33 घनमीटर जागा असते, 40 फुटीत सुमारे 67 आणि उंच 40 फुटीत सुमारे 76. 40 फुटीचं भाडं सहसा 20 फुटीच्या दुप्पट नसतं. म्हणून हलका आणि जागा खाणारा माल 40 फुटीत परवडतो. खजूर जड असतो. त्याची जागा संपायच्या आधी वजनाची मर्यादा येते, म्हणून त्याला 20 फुटी सोयीचा.

मूळ भाड्यावर अधिभार चढतात: इंधनाचा, गर्दीच्या हंगामाचा, बंदरातल्या खोळंब्याचा, युद्धाच्या धोक्याचा. त्यात दोन्ही बंदरांवरची टर्मिनल हाताळणी आणि कागदपत्रांची फी मिळवा. म्हणून एजंटला "भाडं किती?" असं विचारू नका. "सगळं धरून किती, आणि हा दर कोणत्या तारखेपर्यंत?" असं विचारा. उत्तर ई-मेलवर घ्या.

दर झपाट्याने बदलतात. कोविडच्या काळात, सप्टेंबर 2021 मध्ये, प्रमुख मार्गांवरच्या 40 फुटी कंटेनरचा ड्रुरी संस्थेचा सरासरी निर्देशांक 10,000 डॉलरच्या वर गेला होता. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेच्या टोकावरून वळवली. युरोपच्या फेऱ्या दीड-दोन आठवड्यांनी लांबल्या. जहाजं आणि रिकामे कंटेनर तिकडे अडकले की इतर मार्गांवरचे दरही हलतात.

रमजान दरवर्षी 10-11 दिवस आधी येतो. गेल्या वर्षीच्या तारखांवर यंदाचं बुकिंग करू नका. ईदनंतर पोहोचलेल्या खजुराला रमजानचा भाव मिळत नाही.

थोडा माल असेल तर

कंटेनर भरण्याइतका माल नसेल तर इतरांच्या मालाबरोबर पाठवता येतो. त्याला एलसीएल म्हणतात. इथे घनमीटर किंवा टन, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. अडीच टन खजूर साडेतीन घनमीटर जागा घेत असेल, तर बिल साडेतीनचं. एक घनमीटर संगमरवर 2.7 टन भरला, तर बिल 2.7 चं.

एलसीएलमध्ये कधी भाडं जवळपास फुकट सांगितलं जातं. खूश होऊ नका. ते पैसे बऱ्याचदा इथल्या बाजूला वसूल होतात: कंटेनर उघडण्याचा खर्च, डिलिव्हरी ऑर्डरची फी, हाताळणी, आणखी कसली कसली नावं. सीआयएफमध्ये एजंट विकणाऱ्याने निवडलेला असतो, त्यामुळे तुम्ही घासाघीसही करू शकत नाही. म्हणून माल निघण्याआधी न्हावा शेवाच्या बाजूच्या शुल्कांची यादी लेखी मागा.

विमानाने मागवत असाल तर आकारमानाचं वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6,000 ने भागायचं. 60, 50 आणि 40 सेंटिमीटरचा खोका प्रत्यक्षात 12 किलो असला तरी भाडं 20 किलोचं. अल्कोहोल असलेलं अत्तर किंवा परफ्यूम ज्वलनशील मालात मोडतं. त्याचं पॅकिंग आणि दर वेगळे असतात.

न्हावा शेवाला उतरल्यावर

जहाज लागलं की घड्याळ सुरू होतं. शिपिंग कंपनी काही दिवस कंटेनर मोफत देते. त्यानंतर दिवसागणिक दंड, आणि दिवस वाढतील तसा दरही वाढतो. आवारात पडून राहिल्याचा दंड वेगळा आणि रिकामा कंटेनर उशिरा परत केल्याचा वेगळा. बिल ऑफ एन्ट्री उशिरा भरली तर कस्टम्सचंही विलंब शुल्क लागतं.

खजूर हे खाद्य असल्यामुळे एफएसएसएआयची तपासणी आणि वनस्पती संगरोधाची मंजुरी लागते. तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मालाबरोबर हवं. एक कागद राहिला की आठवडा जातो, आणि मोफत दिवस संपतात. मूळ बिल ऑफ लेडिंग विकणाऱ्याकडेच अडकलं, तर माल समोर दिसत असूनही हातात येत नाही.

कस्टम्स ड्युटी कशावर धरतं?

भारतात ड्युटी सीआयएफ किमतीवर लागते, तुम्ही एफओबीवर घेतलं असलं तरी. म्हणजे मालाची किंमत, भाडं आणि विमा यांची बेरीज. भाड्याचा पुरावा नसेल तर 2007 च्या मूल्यांकन नियमांनुसार भाडं एफओबी किमतीच्या 20 टक्के धरतात. विम्याचा पुरावा नसेल तर 1.125 टक्के.

हिशेब समजण्यापुरतं एक उदाहरण. एफओबी किंमत 10,00,000 रुपये, खरं भाडं 80,000, विमा 5,000. पावत्या असतील तर मूल्य 10,85,000. पावत्या नसतील तर भाडं 2,00,000 आणि विमा 11,250, म्हणून मूल्य 12,11,250. फरक 1,26,250 रुपयांचा. समजा मूळ ड्युटी 20 टक्के आणि त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण 22 टक्के. नुसत्या दोन पावत्या नाहीत म्हणून 27,775 रुपये जास्त गेले. वर जीएसटी वेगळा. ड्युटीचा चालू दर तुमच्या कस्टम्स ब्रोकरकडून तपासून घ्या.

माल नक्की कुठला?

दुबईतून आलेला माल दुबईचाच असतो असं नाही. इराकचा खजूर जबल अलीमार्गे येतो. भारत आणि अमिराती यांचा व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे, पण त्यातली सवलत तिथेच पिकलेल्या किंवा नियमाप्रमाणे तिथे तयार झालेल्या मालालाच मिळते. 2020 पासून उगमाची माहिती जवळ ठेवण्याची जबाबदारी आयातदारावर आहे.

खारकेच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहा. मे 2025 पासून पाकिस्तानच्या मालावर पूर्ण बंदी आहे, तो तिसऱ्या देशातून आला तरीही. दुबईमार्गे आलेले असे कंटेनर डीआरआयने न्हावा शेवाला जप्त केले आहेत. "मला तर दुबईचा म्हणून विकला" हे सांगून माल सुटत नाही.

पैसे पाठवण्यापूर्वी सात प्रश्न

1. अट कोणती, ठिकाण कोणतं, इन्कोटर्म्स 2020 लिहिलंय का?
2. भाडं सगळे अधिभार धरून आहे का, आणि किती तारखेपर्यंत?
3. इथल्या बाजूची शुल्कं किती, लेखी मिळाली का?
4. कंटेनरचे मोफत दिवस किती?
5. विमा कुणाचा, कोणत्या क्लॉजचा, नुकसानभरपाई कुणाच्या नावाने?
6. माल कोणत्या देशात पिकला, प्रमाणपत्र कोण देणार?
7. मूळ बिल ऑफ लेडिंग कधी आणि कसं मिळणार?

पहिलाच कंटेनर असेल तर शक्यतो एफओबी किंवा एफसीएवर घ्या आणि फॉरवर्डर स्वतः निवडा. आकडा सुरुवातीला मोठा वाटेल, पण प्रत्येक खर्च तुम्हाला दिसेल. मग तोच माल सीआयएफवर कितीला पडतो ते शेजारी मांडा आणि दोन्हींची बेरीज गोदामाच्या दारापर्यंत करा. किलोमागे जो आकडा येईल, तो बाजारभावाशी ताडून पाहा. भागीदारांसमोर हा कागद आधी ठेवला, तर नफ्यात वाटणी सोपी जाते आणि तोट्यात नाती टिकतात.