तळटीप : केडगावच्या रमाबाई

* केडगाव : बदलापूरला गाडी धरली की कर्जत, घाट आणि पुणे मागे टाकून दौंडच्या वाटेवर हे स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथलेच. मजकुरातल्या आजी ‘देवाने काही योजलेच असेल’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात रमाबाई आहेत. दुष्काळातल्या भटकंतीत रमाबाईंचे आईवडील उपासमारीने गेले, मागोमाग बहीण, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका आपल्या आश्रयाला आणल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. पण या कामासाठीच देवाने त्यांच्या आईवडिलांना उपाशी मारले, असा अर्थ कुणी काढू नये. बायबलमधल्या ईयोबालाही त्याच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगितलेले नाही. आजींचा विश्वास कारण न कळताही देवाचा हात न सोडण्याचा आहे, आणि तो ज्याने सोसले त्यानेच बोलून दाखवावा. शेजाऱ्याच्या दुःखात त्याला ऐकवू नये. २४ जुलै १९२१ रोजी रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. स्वतः रमाबाईंना तेव्हा ऐकू येईनासे झाले होते. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम चालूच राहिले. मुक्ती मिशनमधल्याच बायका छापखान्यात खिळे जुळवत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. — संपादक