पिग्मीवाला बँकेचा कोण?

बँकेसाठी दारोदार फिरणारा माणूस नोकरीत खूश असतो का? हा प्रश्न जुनाच. सिंदी मेघेतल्या पानठेलेवाल्यालाही 'पिग्मी' म्हटलं की लगेच कळतं, पण हे खूळ निघालं उडुपीला, १९२८ साली. तिथली बँक पुढे सिंडिकेट बँक झाली (२०२० मध्ये कॅनरात विलीन). एजंट रोज दारात यायचा, दोन आणेसुद्धा जमा करून न्यायचा.

गल्लीत मान भरपूर. लोक त्यालाच बँक समजायचे. बँक मात्र म्हणायची, बाबा, तू आमचा नोकर नाहीस! वेळेचं बंधन नाही, वयाची-शिक्षणाची अट नाही, दुसरा धंदाही कर; कमिशन घे आणि जा. (आयटीतल्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ओळखीचं वाटतंय ना?)

१९८८ मध्ये हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निवाडा दिला. बँका भांडत राहिल्या. शेवटी फेब्रुवारी २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे कामगारच, आणि कमिशन म्हणजे त्यांचं वेतनच. मधली बारा वर्षं कोर्टात गेली. वसुली मात्र रोज चालूच होती.