सुलतान बाजारातील विद्यामंदिर

हैदराबादच्या सुलतान बाजाराचे नाव निघाले की कापडाची दुकाने आणि सणासुदीची गर्दी डोळ्यांपुढे येते. पण याच बाजारात विद्येची एक जुनी पेढी आहे, तिचे स्मरण आम्हांस येथे करावयाचे आहे.

पूर्वी हा भाग रेसिडेन्सी बाजार या नावाने ओळखला जाई व ब्रिटिश रेसिडेंटाच्या अमलाखाली असे. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत गेला. संस्थानचा कारभार उर्दूत चाले. तेलुगू, मराठी व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेस स्वभाषेत शिकण्याची सोय फार तोकडी होती. अशा काळी १ सप्टेंबर १९०१ रोजी रावीचेट्टू रंगाराव यांच्या घरी 'श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम्' हे ग्रंथालय सुरू झाले. आज ते सुलतान बाजारात आहे.

त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरास झाले होते. मराठी त्यांना उत्तम येत असे व त्यांनी मराठीतही लेखन केले. नागपुरास ते थोरली बहीण भंडारू अच्चमांबा हिच्या घरी राहिले. तिचे लग्न बालपणीच झालेले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. धाकट्या भावाच्या अभ्यासाबरोबर ती लिहावयास-वाचावयास शिकली आणि पुढे भारतीय स्त्रियांची चरित्रे लिहून तेलुगू वाङ्मयात मान्यता पावली. शिक्षणाचे वय सरले असे मानणाऱ्यांस याहून चोख उत्तर कोणते? शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी ग्रंथ हवेत, हा धडा लक्ष्मणरावांस घरातच मिळाला असावा, असे आम्हांस वाटते. १९०६ साली त्यांनी हैदराबादेत 'विज्ञान चंद्रिका मंडळी' स्थापून शास्त्र व इतिहास या विषयांचे ग्रंथ तेलुगूत आणण्याचे कार्य आरंभिले. पुढे त्यांनी तेलुगू विश्वकोश हाती घेतला. तो अपुरा असतानाच १९२३ साली ते निवर्तले.

मराठी मंडळीही स्वस्थ बसली नव्हती. केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी ही शाळा निघाली. १९३१ साली हैदराबादेस मराठी साहित्यसंमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्या नगरीत तेलुगू विश्वकोशकाराने कार्यास हात घातला, तिनेच मराठी ज्ञानकोशकाराचा सत्कार करावा, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आपल्या देवळांतील कीर्तन-पुराणांनी निरक्षरांसही पिढ्यान्‌पिढ्या बहुश्रुत केले, हे खरे. परंतु त्या सभामंडपाची पायरी पुष्कळांना बंद होती, हेही तितकेच खरे; आणि श्रवणास वाचनाची जोड फारशी नव्हती. ती उणीव ग्रंथालयाने भरून काढता येते. एका खाजगी घरात आरंभिलेले कार्य सव्वाशे वर्षे टिकते, तर देवस्थानांना ते अशक्य का असावे? ओवरीत एक कपाट, सायंकाळी दिव्याखाली एक तास, वृद्धांस वाचून दाखवणारा एक तरुण आणि कोणासही न अडवणारे दार, एवढे झाले तरी पुरे. सरस्वतीची पूजा आपण वर्षातून एकदा करतो. तिचे दार मात्र रोज उघडे असावे.