औषध सुरू करून दोन-तीन आठवड्यांनी येणारी रिअ‍ॅक्शन

औषधाची अ‍ॅलर्जी म्हटलं की इंजेक्शननंतर पाच-दहा मिनिटांत येणारी रिअ‍ॅक्शन आठवते. पण काही गंभीर रिअ‍ॅक्शन उशिरा येतात. त्या ओळखायला वैद्यकशास्त्रालाही बरीच वर्षं लागली.

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या डॉक्टरांनी दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. ताप, अंगावर पुरळ, तोंडात जखमा, डोळे लाल. त्यांना हा नवाच तापाचा आजार वाटला. १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या डॉ. लायल यांनी चार रुग्ण नोंदवले. त्यांची कातडी उकळतं पाणी सांडल्यासारखी सुटत होती. ही एकाच आजाराची सौम्य-तीव्र रूपं आहेत आणि कारण बहुतेक वेळा औषधच असतं, हे पुढे स्पष्ट झालं.

आपल्याकडे हा आजार चर्चेत आला तो अनुराधा साहा प्रकरणामुळे. अमेरिकेहून कोलकात्याला आलेल्या साहा यांना एप्रिल १९९८ मध्ये पुरळ आलं. प्रकृती ढासळल्यावर त्यांना विमानाने मुंबईला ब्रीच कँडी रुग्णालयात आणलं, पण २८ मे रोजी त्यांचा मृत्यू झाला. कोलकात्यातील उपचारांत निष्काळजीपणा झाल्याचं ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई दिली.

२०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अ‍ॅसिड या पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळीबद्दल ‘ड्रेस’ रिअ‍ॅक्शनचा इशारा दिला. यात ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी येतात. लिव्हरलाही इजा होते.

उशीर का होतो? शरीरातल्या टी-पेशी त्या औषधाविरुद्ध तयार व्हायला वेळ लागतो. कातडी सुटणारा आजार साधारण ४ ते २८ दिवसांत, तर ‘ड्रेस’ २ ते ८ आठवड्यांत दिसतो. म्हणून ‘गोळी पंधरा दिवस सोसली, आता काय होणार?’ हा समज चुकीचा आहे.

फिटच्या काही गोळ्या (कार्बामाझेपाइन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन), युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं आणि काही वेदनाशामकं यांत धोका जास्त.

पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, लघवीच्या जागी जखमा, कातडी दुखणं किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फिटची गोळी असेल तर दुसरं औषध लगेच सुरू करावं लागतं, म्हणून घरी थांबू नका. चितेगावहून थेट घाटी गाठावी लागली तरी चालेल. सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या. कारणीभूत औषधाचं नाव कागदावर लिहून जन्मभर जवळ ठेवा. तेच औषध पुन्हा घेतलं, तर रिअ‍ॅक्शन लवकर आणि जास्त जोराने येऊ शकते.