उन्हाळ्यापुरते मिशनरी : ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ची घडण

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनकार्य हे आजन्म सेवेच्या कल्पनेवर उभे होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1812 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाहून निघाले, ते कलकत्त्यामार्गे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले; पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखल्या गेलेल्या कार्याचा पाया घालणारा हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने दगावला आणि मायदेशी परतलाच नाही. प्रवासातच कित्येक महिने जात होते आणि भाषा आत्मसात करण्यात आणखी काही वर्षे खर्ची पडत होती, त्यामुळे चार-सहा महिन्यांसाठी माणूस धाडणे त्या काळच्या कोणत्याही मिशन मंडळाला परवडणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा प्रसार, आवाक्यात येऊ लागलेला परदेश प्रवास, महाविद्यालयांची लांबलचक उन्हाळी सुट्टी आणि अमेरिकी मध्यमवर्गाची सुबत्ता यांमुळे हे गणित बदलले. त्यातून ‘अल्पकालीन मिशन’ ही पद्धत रुजली, म्हणजे काही आठवड्यांपासून साधारण दोन वर्षांपर्यंतच्या ठरावीक मुदतीसाठी स्वयंसेवकांनी परमुलखात जाऊन बिनपगारी धर्मप्रचार वा सेवाकार्य करण्याची पद्धत. ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ या संस्थेचा इतिहास पाहिला म्हणजे ही पद्धत कशाच्या आधारावर वाढली हे स्पष्ट होते.

या संस्थेचा संस्थापक जॉर्ज व्हर्वर हा 1938 मध्ये जन्मलेला न्यू जर्सीचा तरुण. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभेत त्याचे मनःपरिवर्तन झाले आणि दोनच वर्षांनी, 1957 च्या उन्हाळ्यात, तो दोन मित्रांसह एका जुन्या ट्रकमध्ये स्पॅनिश पत्रके आणि शुभवर्तमानाच्या प्रती भरून मेक्सिकोला गेला. सुट्टी संपताच विद्यार्थ्यांनी वर्गात परतायचे आणि पुढल्या सुट्टीत अधिक जणांना घेऊन निघायचे, हा क्रम तेथून सुरू झाला. 1960 मध्ये व्हर्वर स्पेनमध्ये दाखल झाला, जेथे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत प्रॉटेस्टंटांना उघड प्रचाराची मुभा नव्हती. 1961 मध्ये छापील साहित्य घेऊन सोव्हिएत संघात शिरल्यावर हेरगिरीच्या संशयावरून त्याला पकडून हद्दपार करण्यात आले. एकट्यादुकट्या परदेशी माणसाने बंद दारांवर धडका देण्यापेक्षा युरोपातील मंडळ्यांमधीलच, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती उपासक-समुदायांमधीलच, तरुणांना कामाला लावावे, हा विचार या प्रसंगानंतर पक्का झाला आणि संस्थेला तिचे नाव मिळाले. 1963 च्या उन्हाळी मोहिमेत सुमारे 2,000 तरुण सहभागी झाले.

एवढा पसारा उभा राहू शकला, तो ‘विश्वास-मिशन’ या जुन्या परंपरेमुळे. ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवणारे जॉर्ज म्युलर आणि चीनमध्ये कार्य करणारे हडसन टेलर यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या या परंपरेत कार्यकर्त्याला ठरलेला पगार नसतो आणि गरजेची वाच्यता माणसांपुढे न करता ती प्रार्थनेत मांडली जाते. नव्या संस्थेने या तत्त्वाला स्वयंसेवकाच्या स्ववर्गणीची जोड दिली. ज्याने त्याने आपला खर्च आपल्या मंडळीकडून आणि स्नेह्यांकडून उभा करायचा, सभागृहाच्या फरशीवर पथारी पसरून झोपायचे आणि मिळेल ते खायचे, असा शिरस्ता पडला. मात्र, स्वयंसेवक सुट्टीपुरते येत असले तरी त्यांना वाहून नेणारी यंत्रणा सुट्टीपुरती असून भागत नव्हते. मोडक्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी ब्रसेल्सजवळच्या झाव्हेन्टेम येथे तळ उभारावा लागला, आणि छपाई, साठवण व हिशेब यांसाठी वर्षानुवर्षे एका जागी राहणारी माणसे नेमावी लागली.

1963-64 च्या सुमारास या गाड्या तुर्कस्तान व इराणमार्गे खुष्कीने भारतात पोहोचल्या, तेव्हा येथील वातावरण परदेशी मिशनऱ्यांना अनुकूल राहिले नव्हते. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशच्या सरकारने 1954 मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती; धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, अशी शिफारस तिने 1956 च्या अहवालात केली होती. दीर्घ वास्तव्याचे परवाने दुर्मीळ होत गेल्यामुळे मुदतीपुरता येणारा परदेशी सोयीचा वाटू लागला, परंतु भाषा न जाणणारा हा पाहुणा भारतीय सहकाऱ्यावाचून गावातल्या बाजारात एक पुस्तिकाही विकू शकत नव्हता. परिणामी, ट्रकमधून गावोगाव पुस्तके नेणाऱ्या पथकांत भारतीय तरुणांचा भरणा होत गेला आणि पुढे नेतृत्वही त्यांच्याकडे आले.

जमिनीवरच्या सीमांची अडचण आणि वाहतुकीचा खर्च यांवर तोड म्हणून संस्थेने 1970 मध्ये ‘उमानाक’ हे 1949 साली बांधलेले डॅनिश जहाज विकत घेऊन त्याचे ‘लोगोस’ असे नामकरण केले. सुएझ कालवा 1967 पासून बंद असल्याने 1971 मध्ये लंडनहून निघालेले हे जहाज आफ्रिकेला वळसा घालून कोचीनला आले. धक्क्याला लागले की शिडीवरून येणाऱ्या नागरिकांसाठी तेथे पुस्तकांचे दालन खुले होई, आणि त्यात धार्मिक ग्रंथांबरोबर शालेय व तांत्रिक पुस्तकेही असत. त्यामुळे ज्या बंदरांत मिशनऱ्याला मज्जाव होता तेथेही ग्रंथप्रदर्शनाला परवानगी मिळू शके. 1914 साली बांधलेले ‘डुलोस’ हे दुसरे जहाज 1977 मध्ये या कामी आले. तथापि, परवानाधारक कप्तान आणि इंजिनिअर यांच्यावाचून जहाज हलत नाही, आणि अशी माणसे उन्हाळ्यापुरती मिळत नाहीत. 1988 च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाला बीगल खाडीत खडकावर आदळून ‘लोगोस’ निकामी झाले, तेव्हा जहाजावरचे सर्वजण सुखरूप बाहेर पडले, याचे श्रेय बऱ्याच अंशी सरावलेल्या शिस्तीकडे जाते.

लॉरेन कनिंगहॅम यांनी 1960 मध्ये स्थापलेल्या ‘यूथ विथ अ मिशन’सारख्या संस्थांनीही हाच मार्ग धरला आणि शतक संपता संपता अल्पकालीन मिशन हा अमेरिकी मंडळ्यांचा वार्षिक रिवाज बनला; नव्या शतकाच्या पहिल्या दशकात, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 16 लाख अमेरिकी ख्रिस्ती अशा परदेश दौऱ्यांवर जात होते. त्याबरोबर टीकाही वाढली. 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा अभ्यास करून संशोधक कर्ट व्हर बीक यांनी दाखवले की, सुमारे 2,000 डॉलरचे घर बांधायला येणाऱ्या तुकडीचा प्रवासखर्चच सरासरी 30,000 डॉलरच्या घरात होता, आणि घर परदेशी पाहुण्यांनी बांधले की स्थानिकांनी, याने त्यात राहणाऱ्या कुटुंबांना फारसा फरक पडला नव्हता. यावर समर्थकांचे उत्तर असे की, लाभ घराचा नसून जाणाऱ्याच्या मनोवृत्तीत होणाऱ्या पालटाचा असतो. पण परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानधर्मातही टिकाऊ वाढ या अभ्यासाला आढळली नाही.

व्हर्वर यांनी 2003 मध्ये नेतृत्व सोडले आणि एप्रिल 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेच्या वाटचालीत मुदत स्वयंसेवकाची घटली, कार्याची घटली नाही. हॉलच्या पिढीने एका माणसाच्या आयुष्यावर जो भार टाकला होता, तो येथे कार्यशाळा, पुस्तकांची गोदामे, जहाजांचे खलाशी आणि प्रत्येक देशातील स्थानिक सहकारी यांच्यात वाटला गेला. जेथे असा भार पेलणारे कोणी नव्हते, तेथे उन्हाळी मोहीम निव्वळ सहल ठरण्याचा धोका होता. जेथे ते होते, तेथे परदेशी स्वयंसेवकांचा ओघ आटल्यावरही काम पुढे चालू शकले.