डॉक्टरचा ‘सातबारा’ कुठे बघायचा? कोणाची नोंद कुठल्या परिषदेत आणि तक्रार कुणाकडे

तालुका प्रतिनिधी, रत्नागिरी

जमीन घेताना आपण सातबारा बघतो, फेरफार बघतो, तलाठ्याकडे दोन फेऱ्या मारतो. हापूसचं कलम घेताना नर्सरी कोणाची ते विचारतो. पण घरातलं पोर तापाने फणफणलं की ज्याच्यापुढे त्याचा दंड करतो, त्या माणसाचं नाव सरकारी नोंदवहीत आहे का, हे कोणी बघत नाही. पाटीवर ‘डॉ.’ लिहिलंय, टेबलावर स्टेथोस्कोप आहे, झालं.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत आपले नऊ तालुके. वाड्या डोंगरात आणि खाडीकाठी विखुरलेल्या. पावसात लेप्टो, भातलावणीत साप, कापणीत विंचू. जवळ जो असेल त्याच्याकडे धावायचं, ही आपली रीत आणि मजबुरीसुद्धा. म्हणूनच जवळचा माणूस कोण आहे हे आधी माहीत पाहिजे. ते बघायला आता मोबाईल पुरतो. फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

परिषद वेगळी, संघटना वेगळी

इथेच बहुतेकांची गल्लत होते. डॉक्टरांच्या संस्था दोन प्रकारच्या.

पहिली परिषद, म्हणजे कौन्सिल. ती कायद्याने स्थापन झालेली असते. नोंदवही तिच्याकडे. पदवी तपासून नाव चढवते आणि डॉक्टर चुकीचा वागला तर नाव काढूही शकते. परिषदेत नाव नसेल तर दवाखाना चालवता येत नाही.

दुसरी संघटना. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, ही त्यातली सर्वांत मोठी. स्थापना १९२८ ची. तिच्या शाखा गावोगाव आहेत. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची ‘मॅग्मो’, निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’, तशाच परिचारिकांच्या आणि आशांच्या संघटना. त्या सभासदांचे प्रश्न मांडतात, शिबिरं घेतात, वेळ पडली तर संप करतात. त्यात गैर काही नाही. पण त्या डॉक्टरची नोंद देत नाहीत आणि काढूनही घेऊ शकत नाहीत. ‘आयएमएकडे तक्रार केली, काहीच झालं नाही’ असं म्हणणारे भेटतात. होणार कसं? तो अधिकार संघटनेचा नाहीच, परिषदेचा आहे.

आपल्याकडे ही नोंदवही जुनी. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंद सुरू झाली. आपली रत्नागिरी तेव्हा त्याच इलाख्यात. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ ही वही आहे, आपणच ती उघडत नाही.

कोणाची नोंद कुठे?

एमबीबीएस आणि त्यापुढचे एमडी, एमएस : महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. कायदा १९६५ चा. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरला या काळात नवीन शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. देशपातळीवर वर नॅशनल मेडिकल कमिशन आहे. जुनी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया जाऊन २५ सप्टेंबर २०२० पासून ते आलं.

बीएएमएस आणि बीयूएमएस : महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. कायदा १९६१ चा. आपल्या गावागावांतले बरेच डॉक्टर आणि आरोग्य केंद्रांतले काही वैद्यकीय अधिकारी या वहीत सापडतील.

बीएचएमएस : महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथी.

दातांचे डॉक्टर : महाराष्ट्र राज्य दंत परिषद. मूळ कायदा १९४८ चा.

सिस्टर, म्हणजे एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग : महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. कायदा १९६६ चा. उपकेंद्रातल्या सिस्टरचीही नोंद इथेच.

फार्मासिस्ट : महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टने, किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायची. दुकानात भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि गल्ल्यावर दुसराच, असं दिसलं तर फार्मासिस्ट कुठे आहेत हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. मेडिकल दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते.

फिजिओथेरपिस्ट : यांची राज्यात वेगळी परिषद आहे.

लॅब टेक्निशियन आणि इतर तंत्रज्ञ : महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद. कायदा २०११ चा.

आशाताईंची नोंद यातल्या कुठल्याच परिषदेत नसते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून हे काम उभं राहिलं. त्या मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका आहेत. त्यांच्याकडून इंजेक्शनची अपेक्षा करू नये आणि त्यांनी नाही म्हटलं म्हणून रागावूही नये.

आणि ‘आरएमपी’? ती पदवी नाही. नुसतं ‘नोंदणीकृत’ एवढाच तिचा अर्थ. नोंदणी कुठल्या परिषदेची, हा पुढचा प्रश्न विचारायचाच. ‘इलेक्ट्रोपॅथी’ किंवा सहा महिन्यांच्या कसल्याशा डिप्लोमावाल्यांचं नाव वर सांगितलेल्या डॉक्टरांच्या परिषदांत मिळणार नाही.

पाटी आणि चिठ्ठी वाचा

एमबीबीएस आणि वरच्या डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी जागी लावायचा आणि चिठ्ठी, दाखला, पावती या सगळ्यांवर घालायचा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या अलीकडच्या क्रमांकात आधी वर्ष, मग महिना आणि मग आकडा असतो. जुन्या डॉक्टरांचा नुसताच आकडा असतो.

हा क्रमांक किंवा नाव परिषदेच्या वेबसाईटवर टाकलं की माहिती येते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने २०२५ मध्ये ‘नो युवर डॉक्टर’ नावाने क्यूआर कोडही आणला. दवाखान्यात तो लावलेला असेल तर मोबाईलने स्कॅन करायचा, डॉक्टरची नोंदणी समोर दिसते. क्रमांक आहे पण नाव दुसऱ्याचंच निघालं, किंवा नोंदणीची मुदत संपलेली दिसली, तर आधी सरळ विचारा. नूतनीकरण राहून गेलं असेल तर चांगला डॉक्टर तसं सांगेल. जो चिडतो त्याच्याबद्दल मात्र अजून चौकशी करा.

कोण कुठलं औषध देऊ शकतो?

हा प्रश्न नाजूक आहे, पण गावात रोजचा आहे. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या अधिसूचनेनुसार नोंदणीकृत आयुर्वेद डॉक्टरांना त्यांच्या शिक्षणापुरती ॲलोपॅथीची औषधं वापरायची मुभा आहे. म्हणून बीएएमएस डॉक्टरने तापाची गोळी दिली म्हणजे तो बोगस, असं समजू नका.

होमिओपॅथीचं वेगळं आहे. राज्याने २०१४ मध्ये कायद्यात बदल केला. औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, म्हणजे सीसीएमपी, केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट त्यात ठेवली. आयएमएने याला विरोध केला आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०२५ मध्ये अशा डॉक्टरांच्या वेगळ्या नोंदीवरून तो पुन्हा पेटला आणि ॲलोपॅथी डॉक्टरांनी संपही केला. कोर्स न केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरला ही मुभा नाही.

याचं गांभीर्य कळायला १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पुरेसा आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली. रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही, त्यातले उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने म्हटलं आणि पत्नीला ३ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

तक्रार कुठे करायची?

चार दारं आहेत. प्रत्येक दारात वेगळी गोष्ट मिळते. चुकीच्या दारात गेलात तर वर्ष फुकट जातं.

पहिलं दार, परिषद. डॉक्टरचं वागणं, हलगर्जीपणा, खोटा दाखला, कमिशन यासाठी. परिषद ताकीद देते, काही काळासाठी किंवा कायमचं नाव काढते. पैसे मात्र देत नाही. अर्ज लेखी, सही आणि पूर्ण पत्त्यासह करायचा. निनावी अर्जावर विसंबू नका. निर्णय सहा महिन्यांत द्यावा असं आचारसंहितेत आहे, पण लांबण्याची तयारी ठेवा. ऑफिस मुंबईत आहे म्हणून हातपाय गाळू नका. आपल्या प्रत्येक वाडीचे चाकरमानी तिथेच आहेत. अर्ज नेऊन देणं आणि पोच घेणं त्यांच्याकडून करून घेता येतं.

दुसरं दार, ग्राहक आयोग. भरपाई हवी असेल तर इथे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन केलेली डॉक्टरी ग्राहक कायद्यात आली. जिल्हा आयोग रत्नागिरीत आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. तुम्ही दिलेलं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ग्राहक हेल्पलाईन १९१५. एक लक्षात ठेवा, जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात असा दवाखाना यात येत नाही.

तिसरं दार, आरोग्य खातं. आरोग्य केंद्राची तक्रार असेल तर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाची असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक. १०४ वर फोन करूनही सांगता येतं. खासगी हॉस्पिटलची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक हॉस्पिटलमध्ये लावणं बंधनकारक आहे. सरकारी डॉक्टरही परिषदेच्या वहीतलाच असतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध पहिलं दारही उघडं आहे.

चौथं दार, पोलीस. नोंदणीच नसलेला माणूस दवाखाना चालवत असेल तर तो गुन्हा आहे. १९६१ च्या राज्य कायद्याच्या कलम ३३ खाली सक्तमजुरी आणि दंड होतो. नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यातही एक वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला तर तो तिथपर्यंत जातो. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचारात चूक झाली असेल तर मात्र पोलीस लगेच गुन्हा नोंदवत नाहीत. आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवून दिलं आहे.

कागद नसेल तर काहीच नाही

कुठल्याही दारात पहिला प्रश्न एकच असतो : कागद आहेत का? चिठ्ठी, बिल, रिपोर्ट, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, पावसात कागद भिजतात. दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची, असं त्याच २००२ च्या आचारसंहितेत आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. ही कागदपत्रं तीन वर्षं जपायचं बंधन डॉक्टरवर आहे. म्हणून उशीर करू नका.

दगडफेक आणि मारहाण तर अजिबात नको. २०१० च्या राज्य कायद्याने दवाखान्यावर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली आहे. गुन्हा अजामीनपात्र. आपलं माणूस तर गेलेलं असतंच, वर घरातला तरणा मुलगा आत जातो आणि खरी तक्रार बाजूलाच राहते.

डॉक्टरसुद्धा हे दार वाजवतात

परिषद म्हणजे डॉक्टरांविरुद्धचं हत्यार असं समजायचं कारण नाही. शेजारच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या कोकणाला विंचूदंशावरच्या उपचारामुळे माहीत आहेत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये त्यांना एका तपासणी केंद्राकडून पेशंट पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो गपचूप ठेवून घेतला नाही, थेट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. असं कमिशन आचारसंहितेत बंद आहे. नोंदवही स्वच्छ राहिली तर रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरचाच मान वाढतो.

अडचणीच्या वेळी मात्र वही शोधत बसू नका. साप चावला, दम लागला, बाळंतपण अडलं तर १०८ ला फोन करा आणि अँटिव्हेनम असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. नाव तपासायचं काम घरात सगळे धडधाकट असतानाच करून ठेवायचं. आपण ज्यांच्याकडे नेहमी जातो ते डॉक्टर, मेडिकलवाले आणि लॅबवाले यांचं नाव, परिषद आणि नोंदणी क्रमांक एका वहीत लिहा. ग्रामसभेत विषय घेतला तर अख्ख्या गावाची यादी एका दिवसात होते. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली की शिकलेला, न शिकलेला, सगळ्यांच्याच उपयोगी पडते.